उजव्याला निळा ठिपका

गल्लीतलं सगळ्यात अरुंद दुकान नंबरकाकूंचं आणि सगळ्यात लांब जीभही त्यांचीच, असं शेजारपाजारचे म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी. दुकान चष्म्याचं. माणसाचं नाव काकूंच्या लक्षात राहायचं नाही, पण नंबर मात्र त्यांनी झोपेतही सांगितला असता. "काय हो उणे अडीच, बऱ्याच दिवसांनी?" अशी गिऱ्हाइकाची विचारपूस व्हायची. नवरा गेल्यावर दुकान विकून टाका म्हणणारे पुष्कळ निघाले. काकूंनी त्या सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं.

नवऱ्याने घालून दिलेल्या दोन गोष्टी काकूंनी कधी मोडल्या नाहीत. पहिली म्हणजे, भिंग हातात घेतलं की आधी त्यावर पेनाने ठिपका द्यायचा. उजव्या डोळ्याच्या भिंगाला निळा, डाव्याच्या भिंगाला काळा. चष्मा तयार झाला की ठिपके पुसायचे. दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर त्याला बसवलं की काकू खडसावत, "अंदाजपंचे काही नको. दिसतं तेवढंच सांगा. इथे कोणी नापास करत नाही."

गेलं वर्षभर मात्र काकूंचं साऱ्या जगाशी बिनसलं होतं. दुकानातली ट्यूब मंद जळते म्हणून त्यांनी वायरमनला पुन्हा पुन्हा बोलावलं आणि प्रत्येक वेळी त्याचाच उद्धार केला. वर्तमानपत्रवाल्यांनी शाईत पाणी घालायला सुरुवात केली आहे, असं त्यांचं ठाम मत झालं. घरी पांढऱ्या चादरी पिवळ्या पडल्या म्हणून सुनेला साबण बदलायला लावला. सून मुकाट्याने साबण बदलायची. तिचा नवरा, म्हणजे काकूंचा मुलगा, फिरतीच्या नोकरीवर. त्यामुळे घरात आणि दुकानात सासूच्या तोफेसमोर ती एकटीच. पण एके दिवशी काकूंनी वरणाच्या पातेल्यात मीठ समजून साखर घातली, तेव्हा तिने चमचा खाली ठेवला.

"आई, एक बोलू का? दोष ट्यूबचाही नाही आणि साबणाचाही नाही."

"मग कोणाचा, माझा?"

"तुमच्या डोळ्यांचा. लोकांना तुम्हीच तर ओळखून सांगता. मोतीबिंदू आहे तो."

"असेल. पिकू दे की आधी."

"आई, ते काय फळ आहे का, पिकायला?"

काकू खो खो हसल्या आणि विषय तिथेच संपवला. विषय संपवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. काकू लहान होत्या तेव्हा त्यांच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हाची रीत वेगळी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना कितीतरी दिवस उताणं निजवलं होतं. हलायचं नाही, शिंकायचं नाही. इतकं करून डोळा गेला तो गेलाच. मग दुसऱ्या डोळ्याला हात लावू द्यायला ते तयार होईनात आणि हळूहळू तोही गेला. पुढे ते काकूंचं बोट धरून चालायचे आणि सपाट रस्त्यावरही विचारायचे, "पायरी आहे का गं?" ते विचारणं काकूंच्या कानात अजून होतं. त्यांना ऑपरेशनची भीती वाटत होती. आणि बोलण्यात वाघीण असलेल्या बाईला ही भीती कबूल करायची लाज वाटत होती.

शेवटी सुनेने दुकानाची किल्लीच पदरात बांधली. "डोळ्यांच्या दवाखान्यात चला, मग किल्ली." काकू फणकारत निघाल्या.

दवाखान्यात सिस्टरनी त्यांना खुर्चीवर बसवलं, एका डोळ्यावर झाकण धरलं आणि समोर बोट केलं. काकूंना समोर एक पिवळट चौकोन दिसला, त्यावर मुंग्यांसारखं काहीतरी. पण चौकोनाच्या वर डावीकडे छापखान्याचं ते ठसठशीत गोल चिन्ह होतं. तेवढं त्यांनी ओळखलं. म्हणजे हा तक्ता तोच, त्यांच्या दुकानातला. त्या भिंतीकडे तोंड करून काकूंनी उभा जन्म काढला होता. त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि पहिल्या अक्षरापासून जी गाडी सोडली ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत कुठेही न थांबता. दुसऱ्या डोळ्यालाही तेच.

डॉक्टरीणबाईंनी मग यंत्रातून डोळे पाहिले आणि त्या बुचकळ्यात पडल्या. "काकू, मोतीबिंदू तर चांगलाच दिसतोय. पण तुम्ही शेवटची ओळ घडाघडा वाचलीत. त्रास काही होतो का?"

"छे! ठणठणीत आहे मी."

"मग घाई नको. अडचण वाटायला लागली की या. मात्र फार वर्षं लांबवू नका. जितका कडक होईल तितकं आमचं काम अवघड."

सून काही बोलणार होती. काकूंनी तिचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं. त्या दिवशी काकू खूप खूश होत्या. परतताना त्यांनी सुनेला रसही पाजला आणि रसवंतीच्या पायरीवर ठेचकाळल्या, ते पायरी चुकीच्या जागी बांधली म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी बसचा ड्रायव्हर दुकानात आला. गोल फ्रेमचा शौकीन, साधा माणूस. त्याला काकूंनी नुकताच नवा चष्मा करून दिला होता. एकदा तो तक्रार घेऊन येऊन गेला होता, की रस्ता तिरका दिसतो, डोकं चढतं. काकूंनी त्याला चष्मेवाल्यांचं ठरलेलं औषध दिलं होतं, "नवा नंबर आहे, सवय होईल." आज त्याने चष्मा खिशातून काढून काउंटरवर ठेवला.

"काकू, मला काही याची सवय होईना. माझंच चुकत असेल. काल वळणावर पुलाचा कठडा मला एकदम अंगावर आल्यावर दिसला. बस भरलेली होती. तेव्हापासून चष्मा काढून ठेवलाय आणि कामावरही गेलो नाही."

काकूंनी चष्मा नंबर तपासायच्या यंत्राखाली धरला. यंत्रातल्या रेषा त्यांना कापसासारख्या दिसल्या. तशा त्या बरेच दिवस दिसत होत्या. इतक्या वर्षांच्या हाताला तपासायचं काय, असं म्हणून काकूंनी शेवटची तपासणी सोडूनच दिली होती. त्यांनी सुनेला हाक मारली. सुनेने यंत्राला डोळा लावला, त्याच्या नंबरचा कागद पाहिला, पुन्हा डोळा लावला.

"आई, उजव्याचं भिंग डावीकडे बसलंय. डाव्याचं उजवीकडे."

"शक्य नाही. मी ठिपके देते." काकूंनी बाजूची ताटली पुढे ओढली. त्यात दुसऱ्या कोणाची तरी दोन भिंगं सकाळीच ठिपके देऊन ठेवली होती. "हे बघ. हा निळा, हा काळा."

सुनेने ताटली उजेडात नेली.

"बोल ना!"

"आई, दोन्ही काळे आहेत."

काकूंनी दोन्ही पेनं उचलली, कागदावर दोन ठिपके काढले, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उन्हात धरला. दोन ठिपके, दोन्ही सारखे. त्यातला एक निळा होता आणि तो कुठला हे त्यांना सांगता येईना. ज्या एका गोष्टीवर त्यांचं दुकान उभं होतं, ती त्यांना दिसतच नव्हती. काकू स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे ती भरलेली बस आली आणि त्यांना स्वतःची मनस्वी चीड आली.

"तुझं काही चुकलेलं नाही, बाबा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "माझं चुकलं. मला नीट दिसत नाही."

"असू दे काकू, माणूस आहे, होतं..."

"असू दे कसं? तू कठड्यावर गेला असतास म्हणजे?"

सुनेने ठिपके दिले, सुनेने भिंगं बसवली, सुनेने तपासली. ड्रायव्हरने चष्मा घातला, दारातून रस्त्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो गेल्यावर काकूंनी भर दुपारी शटर खाली ओढलं. सुनेने न सांगता पर्स उचलली. "मी येते बरोबर."

"ये. पण माझ्या वतीने बोलू नकोस. माझं तोंड अजून शाबूत आहे."

दवाखान्यात त्याच सिस्टर, तीच खुर्ची, तोच पिवळट चौकोन. "वाचा, काकू."

पहिलं अक्षर काकूंच्या जिभेवर येऊन बसलं होतं. त्यामागे सगळी वरात उभी होती. अजूनही सोपं होतं. घडाघडा म्हणायचं आणि घरी जायचं, दुकान सुनेला सांभाळायला सांगायचं आणि वडिलांसारखं सावकाश अंधारात उतरायचं. काकूंनी तोंड मिटलं. हात मांडीवर घट्ट धरले.

"सिस्टर, हा तक्ता मला पाठ आहे. मागच्या वेळी मी तुम्हाला फसवलं. दिसतं तेवढंच सांगते. वरचं मोठं अक्षर आहे, एवढं कळतं. कुठलं ते दिसत नाही. त्याखालचं काहीच दिसत नाही."

मागे सुनेने पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा सगळं तपासलं. काकूंनी त्यांना वडिलांचं सांगितलं, वाळूच्या पिशव्यांसकट. आजवर हे कोणापुढे काढलं नव्हतं.

"आता तसं नसतं. थोड्या वेळाचं काम, त्याच दिवशी घरी. पण धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. अगदी थोडा असतोच."

"खोटं बोलला नाहीत, बरं झालं," काकू म्हणाल्या. "अजिबात नाही म्हणाला असतात तर मी उठून गेले असते. तारीख द्या."

"घरी विचार करून सांगितलंत तरी चालेल."

"घरी गेले की मी विचारच करत बसेन. आत्ता द्या."

ऑपरेशनच्या सकाळी काकूंना हिरवा अंगरखा घातला, केस टोपीत कोंबले. तरी जीभ चालूच होती. "जन्मभर लोकांच्या नाकावर भिंगं बसवली, आता माझ्या डोळ्यातच बसणार. डावं-उजवं नीट बघा हो, बाई. माझ्यासारखं करू नका." सिस्टर हसल्या आणि पेन काढून काकूंच्या उजव्या भुवईवर काहीतरी टेकवलं.

"हे काय?"

"खूण. कुठला डोळा करायचा त्याची. उजव्याला ठिपका."

काकूंनी पेनाकडे पाहिलं. "रंग कुठला?"

"निळा."

"मग बरोबर आहे," काकू म्हणाल्या आणि आपल्या पायांनी आत गेल्या. दाराशी उंबरा होता. त्यांनी तो पायाने चाचपला आणि ओलांडला.

पट्टी निघाली, थेंब घालायचे दिवस सरले आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तशा काकू दुकानात आल्या. आल्या आल्या वायरमनला निरोप धाडला, की बाबा, तुझी ट्यूब चांगली आहे, चहाला ये. मग काउंटरवर बसून त्यांनी कागदावर दोन ठिपके काढले. उजवा डोळा झाकला, दोन्ही ठिपके सारखे. डावा झाकला आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. एक काळा होता आणि दुसरा इतका निळा, की त्यांना रडूच आलं. त्या लहान मुलासारख्या कितीतरी वेळ एकेक डोळा झाकत राहिल्या. सुनेने बघून न बघितल्यासारखं केलं.

"डाव्याची तारीख घे," डोळे न पुसताच काकू म्हणाल्या. "आणि तो तक्ता काढ भिंतीवरून."

"का? चांगला आहे की."

"निम्मी गल्ली रोज त्याच्यासमोर गप्पा मारत बसते. माझ्यासारखे किती जण पाठ म्हणत असतील, कोणास ठाऊक. नवा आण. अक्षरं वेगळी असलेला."

सुनेने दुसऱ्याच दिवशी नवा आणला. स्टुलावर चढून तिने खिळा ठोकला, तक्ता टांगला, सरळ केला आणि खाली उतरून, सगळं नीट छापलंय ना हे बघायला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली.

काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अगं थांब, मोठ्याने वाचू नकोस! डावा डोळा व्हायचाय अजून. पाठ होईल मला."