पाहुण्यांसमोरची सुई

शिंप्याची बायको महिनाभर धड जेवली नव्हती. दारूने नवऱ्याचं स्वादुपिंड पार कामातून गेलं आणि त्यातून मधुमेह जडला. पाहुण्यांसमोर तो ऐटीत इन्सुलिन टोचून घ्यायचा, पण निकामी स्वादुपिंडामुळे जेवणासोबत घ्याव्या लागणाऱ्या पाचक गोळ्या टाळायचा. त्या दिसल्या तर दारूचा विषय निघेल ना! मग न पचलेली चरबी संडासाच्या भांड्याला चिकटायची आणि तो सडका वास सोसत घासायची ती. त्या वासाने तिची अन्नावरची वासनाच उडाली होती.

आज नणंद जेवायला आली होती. "आपल्या घरात साखर कुणाला होती रे?"

"आजोबांना," तो बेधडक म्हणाला.

बायकोने उठून संडासाचा ब्रश त्याच्या हातात दिला. "वन्सं, ही दारूची साखर. हे गोळ्या गिळत नाहीत आणि घाण मी उपसते. आजपासून यांचं भांडं हेच घासतील."

नणंदेने ताट दूर सारलं. नवरा गोळीसाठी खिसे चाचपू लागला. बायकोने मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं.