सही नसलेला एक्केचाळिसावा

मी एक छापलेला कागद आहे. दोन हात लांब, दीड हात रुंद, कापसाच्या लगद्यापासून केलेला, चांगला जाडजूड. माझ्यावर एका तेवीस वर्षांच्या मुलाचा हसरा चेहरा आहे. मला चाळीस भावंडं आहेत, मित्रांनो. त्यांच्या खालच्या कडेला पेन्सिलीने आकडा आणि चित्रकाराची सही आहे. ती मोठमोठ्या घरांत काचेमागे विराजमान आहेत. माझ्यावर आकडा नाही आणि सहीही नाही. असं का झालं, ते तुम्हाला सांगावं म्हणून आज बोलतो आहे.

माझा जन्म गिरगावातला. एका अरुंद गल्लीत चिंतामणी नावाच्या गृहस्थांचा छापखाना होता. तिथे लग्नपत्रिका छापत, देवस्थानांची पत्रकं छापत. पण मोठं, नाजूक काम आलं की ते एकाच माणसाकडे जाई. त्यांचं नाव गुणाजी. गुणाजी तरुणपणी परळच्या एका गिरणीत, छपाई खात्यात होते. ताणलेल्या जाळीच्या पडद्यावर शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने ती एका दमात खाली ओढायची, म्हणजे पडद्याखालच्या कापडावर रंग उमटतो. गिरणी बंद पडली, कापड गेलं, कागद आला. पण हात तोच राहिला. एका रंगावर दुसरा रंग ते असा बसवत की मध्ये केसही शिरू नये.

एके दिवशी कुलाब्याच्या एका कलादालनाकडून काम आलं. चित्रकाराचं नाव भोंगा. हे काही खरं नाव नव्हे. पूर्वी लालबाग-परळच्या भिंतींवर रात्रीत चित्रं उमटायची आणि कोपऱ्यात हे नाव असायचं. पोलीस त्या भोंग्याला शोधत. आता लोक त्याची चित्रं विकत घ्यायला रांगेत उभे राहत. चार रंगांचे चार पडदे तयार होऊन आले. प्रती फक्त चाळीस छापायच्या, मग पडदे धुऊन टाकायचे आणि खराब निघालेला कागद फाडायचा, अशी अट होती.

"काका, जादा कागद किती धरू? दहा?" चिंतामणींनी विचारलं.

"एक पुरे," गुणाजी म्हणाले.

त्या एक्केचाळीस कागदांत सगळ्यांत वर मी होतो. पहिल्या दिवशी माझ्यावर पिवळा आला, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग निळा. तोवर मी नुसता रंगांचे डाग अंगावर घेऊन होतो. माझ्यावर काय आहे, ते मला कळत नव्हतं आणि गुणाजींनाही कळत नव्हतं. पडद्यावर सगळं उलटं असतं, काळं तिथे उजेड आणि उजेड तिथे काळं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी काळी शाई ओढली, पडदा उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्यावर त्यांचा मुलगा हसत होता.

अजित. सहा वर्षांपूर्वी लालबागच्या एका बंद गिरणीच्या छपरावरून पडून गेलेला. मान मागे टाकून हसत होता. एक हात हनुवटीजवळ, अंगठ्याला चिंधी बांधलेली, तिची गाठ बाहेर आलेली.

गुणाजी त्या गाठीकडे पाहत राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी ओल्या शाईला कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी लावलं. चिंधीच्या गाठीवर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला, तो आजही माझ्या अंगावर आहे.

"काय झालं हो काका?" चिंतामणी जवळ आले. "अरेरे, हा तर गेला! टाका फाडून."

"फाडू नका," गुणाजी म्हणाले. "ही चिंधी मी बांधलीय. तो गेला त्या दिवशी दुपारी. इथेच आला होता, कटर लागला म्हणून. घरी गेलाच नाही नंतर." मग अगदी हळू म्हणाले, "पोलीस म्हणाले, तो एकटाच होता छपरावर. मग हा फोटो कुणी काढला?"

चिंतामणींनी उरलेलं काम दुसऱ्याला द्यायचं म्हटलं, पण गुणाजींनी मान हलवली. उरलेले चाळीसही त्यांनी स्वतःच्या हाताने छापले. चाळीस वेळा पडदा उचलला, चाळीस वेळा मुलाचं तोंड पाहिलं. एकही कागद वाया गेला नाही.

दोन दिवसांनी भोंगा सह्या करायला आला. सडपातळ, चष्मा लावलेला, तिशीला आलेला. गुणाजींनी त्याला ओळखलं. अजितच्या बरोबरीने घरी येऊन पंक्तीला बसणारा शंतनु! अजित गेल्यावर तो एकदाही फिरकला नव्हता.

सह्या होईपर्यंत गुणाजी एकेक कागद त्याच्यापुढे सरकवत राहिले. शेवटी तो माझ्याकडे वळला, तेव्हा त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"ह्याच्यावर तुझं नाव नको. काम माझ्याकडे मुद्दाम पाठवलंस?"

"अजित सांगायचा, बाबांसारखा हात मुंबईत नाही," शंतनु म्हणाला. "आणि भोंगा हे नाव आमच्या दोघांचं होतं, काका. मला यायचं होतं कधीचं. हिंमत झाली नाही."

"फोटो तू काढलास?"

"हो."

"म्हणजे तू होतास तिथे."

"होतो. काका, त्या दिवशी—"

"नको," गुणाजी म्हणाले. "पुढचं बोलू नको. मला संध्याकाळी तुझ्या काकीसमोर बसून जेवायचंय."

त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ते बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी कधी पडदा हातात धरला नाही.

परळच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत मला खिळ्यांनी भिंतीवर लावलं. काच नाही, चौकट नाही. गुणाजींच्या पत्नी, रमाबाई, माझ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"अंगठ्याला काय झालं ह्याच्या?"

"कापलं असेल कुठे," गुणाजी म्हणाले. "जुना फोटो आहे. मित्राकडे होता."

मित्रांनो, माझं खरं आयुष्य त्या खोलीतलंच. रमाबाई पोळ्या करताना माझ्याशी बोलत. मासे महाग झाले, पाण्याची वेळ बदलली, खालच्या अनुजाला मुलगी झाली. जाता-येता ओला हात माझ्या गालाला लावत. त्या गालावरचा गुलाबी रंग हळूहळू विरत गेला, एक हळदीचं बोटही लागलं. माझी भावंडं हातमोजे घालून उचलली जात होती. मला मात्र त्या हळदीच्या बोटाचा अभिमान वाटे.

गुणाजी माझ्याकडे बघत नसत. जेवायला बसत ते नेहमी माझ्याकडे पाठ करून.

"पोराकडे पाठ करून कसलं जेवता हो?" रमाबाई चिडत.

"उजेड डोळ्यांवर येतो," ते म्हणत.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी चहा पिता पिता गुणाजी भिंतीला टेकले, ते उठलेच नाहीत.

बाराव्यानंतर आठवड्याभराने शंतनु दारात उभा राहिला. रमाबाईंचं मन भरून आलं की त्या मालवणीत बोलत.

"शंतनु? खय होतंस रे इतकी वर्सां? ये, बस. जेवल्याशिवाय जाव नको."

त्यांनी त्याला ताट वाढलं. भात, सोलकढी, बांगड्याचं तिखलं. तो माझ्याकडे तोंड करून बसला. दोन घास गेले आणि तो रडायला लागला.

"रडा नको," रमाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "बरा झाला, तू नव्हतंस तेच्यासोबत. नायतर तुझी आवसय माझ्यासारखीच पोराक गमावन बसली असती."

तो हात त्याला सहन झाला नाही.

"मी होतो, काकी," तो म्हणाला. "छपराचा पत्रा फुटला. अजित पडला नाही लगेच. लोखंडी तुळईला धरून लोंबकळत होता. मी चार पावलांवर होतो. तेवढ्यात खाली वॉचमनने शिट्टी मारली आणि मी पळालो. मला वाटलं, पकडले जाऊ. तो हाक मारत होता. शंत्या, हात दे. शंत्या, हात दे. मी जिना उतरेपर्यंत ऐकू येत होतं. मग नाही आलं."

रमाबाईंचा हात त्याच्या पाठीवरून कधी खाली आला, मलाही दिसलं नाही.

"ह्यांना ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"मी तिथे होतो, एवढंच. पुढचं त्यांनी ऐकून घेतलं नाही."

"म्हणून पाठ करून जेवायचे," रमाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी भांडले त्यांच्याशी त्यावरून."

शंतनु उठू लागला, तशी त्यांनी त्याला खूण करून बसवलं. "अन्न टाकू नये. जेव." तो खाली मान घालून एकेक घास गिळत राहिला आणि त्या समोर बसून राहिल्या. ताट रिकामं झाल्यावर त्या उठल्या. एकेक खिळा काढून त्यांनी मला भिंतीवरून उतरवलं. चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला, गुंडाळी केली आणि ती शंतनुपुढे धरली.

"काकी, नको. मला मारा, पोलिसांत द्या, पण हे नको."

"तेणा तुका हाक मारल्यान," रमाबाई म्हणाल्या. "माका नाय, तेच्या बापाशीक नाय. तुका मारल्यान. आता हेका तूच सांभाळ."

तेव्हापासून मी प्रभादेवीला, शंतनुच्या स्टुडिओत एका पोलादी खणात आहे. वर-खाली मऊ पांढरे कागद आहेत. दमट हवा नाही, ऊन नाही, धूळ नाही. माझा रंग आता शंभर वर्षं जाणार नाही म्हणतात. खण मात्र तो उघडत नाही. कधी कधी बाहेर येऊन उभा राहतो, त्याचा श्वास मला ऐकू येतो, मग पावलं लांब जातात.

मित्रांनो, कागदाने तुम्हाला काय शिकवावं? आम्हाला नीट ठेवा, एवढंच आम्ही सांगतो एरवी. मला तर इतकं नीट ठेवलं आहे की मला आता कुणाचा हात लागत नाही. म्हणून मी स्वतःसाठी काही मागत नाही. एकच सांगतो. तुमचं नाव घेऊन कुणी हाक मारली, तर भीती वाटली तरी वळा. पळायचंच असेल तर हात देऊन झाल्यावर दोघांनी मिळून पळा.