मागचं डावं चाक

नवी कोरी गाडी मळवायला साधारण तीन आठवडे लागतात. खरी गाडी एका दुपारीच मळते, पण तिला कुणी बक्षीस देत नाही.

तपासनीसांचा ट्रक वीतभर लांबीचा होता. लष्करी गाड्यांच्या दुरुस्ती कारखान्यात एकतीस वर्षं गाड्यांखाली उताणं पडून ते निवृत्त झाले, आणि रिकामं डोकं खायला उठतं म्हणून डॉक्टरांनी काहीतरी छंद लावून घ्या असं सांगितलं. त्यावर ते मुकाट्यानं लष्करी गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या ‘लघुरणगाडा मंडळा’चे सभासद झाले. जन्मभर ज्या गाड्यांचा गंज खरवडला, त्याच गाड्यांवर आता ते तीन केसांच्या ब्रशनं गंज चढवत. आधी तपकिरी रंग, त्यावर मिठाचे खडे चिकटवायचे, वरून हिरवा फवारा, आणि वाळल्यावर मीठ झटकलं की हिरव्यातून गंज असा फुलून यायचा की पाहणाऱ्यानं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.

“स्वच्छ वस्तू विकत आणायची, मग चष्मा लावून ती घाण करायची,” त्यांची बायको म्हणे. “हेच काम घरातली लहान पोरं फुकटात करतात.”

पण या खेपेला तिला त्यांनी प्रदर्शनाला यायचं आमंत्रण दिलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदाच. तिनं दोनदा विचारलं, “मी? तिथं? काय करू?” ते म्हणाले, “नुसती बस. पंचनामा ऐक.”

पंचनामा ही या मंडळाची खासियत. भिंतीवर पाटीच होती: ‘कारणाशिवाय ओरखडा नाही.’ प्रत्येक सभासदानं आपल्या गाडीशेजारी उभं राहायचं आणि कुणीही कुठल्याही डागावर बोट ठेवून विचारायचं, “हे कशानं?” उत्तर द्यायलाच हवं. चिखल असेल तर कुठला, पोचा असेल तर कशाचा, काजळी असेल तर किती दिवसांची. एका चष्मेवाल्या सभासदानं पूर्वी रणगाड्याच्या रबरी चाकांवर गंज चढवला होता. “रबर गंजतं का हो?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून सगळे त्याला तोंडावर ‘रबरगंज’ म्हणत, आणि तोही आता फोन उचलून “रबरगंज बोलतोय” असं सांगे.

तपासनीसांचा सगळा बेत त्या एका प्रश्नावर उभा होता.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. शुक्रवारपर्यंत चाळीस ट्रक बाहेर काढायचे, असा वरून हुकूम होता. गुरुवारी तपासनीस एकोणतिसाव्या ट्रकखाली शिरले आणि बॅटरीच्या उजेडात त्यांना मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओले ओघळ दिसले. ब्रेक ऑइल. आतलं रबरी सील फाटलेलं. भांडारात सील नव्हतं. मागणीचा अर्ज गेलेला होता, आणि तो गेलेलाच राहिला. साहेब म्हणाले, “गाडी चालतेय ना? मग चालू द्या.” तपासनीसांनी फडक्यानं ओघळ पुसले, ऑइल वरपर्यंत भरलं, बॉनेटवर खडूनं बरोबरची खूण केली आणि रजिस्टरात सही ठोकली. शुक्रवारी सकाळी चालकांची यादी लागली. एकोणतिसाव्या ट्रकसमोर त्यांच्या मेहुण्याचं नाव होतं. तपासनीसांनी यादी वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग ते चहा प्यायला गेले. एका फेरीचा तर प्रश्न होता.

ट्रक लांबच्या उतारावर वळणाऐवजी सरळ गेला.

चौकशी झाली. तपासनीसांना बोलावून विचारलं, “ही सही तुमचीच का?” ते म्हणाले, “हो.” पुढचा प्रश्न, ‘कशावरून केलीत?’, त्यांना तोंडपाठ होता, त्याचं उत्तरही जिभेवर होतं. पण साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, पान उलटलं. अहवालात आलं: ‘चालकास डुलकी लागली असावी.’ त्या ‘असावी’कडे कुणी बघितलंच नाही. घरातलं सगळ्यांत लाडकं माणूस झोपेत गेलं, आणि तेही ट्रकमधल्या चार जवानांना, दुसऱ्यांच्या मुलांना, बरोबर घेऊन, एवढंच घरानं ऐकलं.

बायको आपल्या भावाला ‘धाकटा’ म्हणे. आता ती त्याचं नाव खाली मान घालून घेई. सासूबाई मुलीकडेच राहायला आल्या. त्यांनी रडणं वगैरे लवकरच आटोपलं, पण एक सवय जडवून घेतली. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, “झोप झाली ना?” जावयाला, पोस्टमनला, गॅसवाल्याला. गॅसवाला बिचारा दर महिन्याला “झाली आजी” म्हणून सिलिंडर खांद्यावर घ्यायचा.

तपासनीसांनी सांगायचा तीनदा प्रयत्न केला होता. एकदा बायको डब्याचं झाकण शोधत होती, एकदा तिला शिंका आल्या, आणि तिसऱ्यांदा ती आपण होऊन म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून निभावलं हो.” त्यानंतर प्रयत्न बंद. ते काही खोटं बोलणारे नव्हते. गाडीबद्दल सरळ प्रश्न विचारला की एकतीस वर्षांत त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. असा विचारणारा माणूस सापडायला निवृत्ती यावी लागली.

म्हणून त्यांनी तोच ट्रक केला. तोच नंबर. धाकट्याच्या शेवटच्या, त्या शुक्रवारी निघताना ट्रकशेजारी काढलेल्या फोटोत आरशाला चौकडीचा रुमाल बांधलेला होता, तो त्यांनी कागदी नॅपकिनचा नखाएवढा तुकडा रंगवून बांधला. बॉनेटवर खडूची खूण केली. आणि मागच्या डाव्या चाकाच्या आत, तैलरंगात वॉर्निश कालवून, ओले दिसतील असे तीन ओघळ काढले. खरं तर ते त्यांनी पहिल्याच दिवशी काढले होते. उरलेले तीन आठवडे ते बाकीची गाडी त्या ओघळांच्या लायकीची करत होते.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. बायको दुसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर धरून, दवाखान्यात नंबराची वाट बघावी तशी बसली. टेबलावरची गाडी तिथून तिला हिरव्या ठिपक्याएवढीच दिसत असणार.

आधी भूगोलाच्या बाई आल्या. मंडळातल्या सगळ्या चिखलांवर त्यांचा अंमल चाले.

“मडगार्डवरची माती पिवळट का?”

“नदीकाठचा रस्ता. खालचा थर जुना, तांबडा. वरचा कालचा.”

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. त्या शाळेतही इतक्या लवकर शाब्बास म्हणत नसत.

मग बँकेतले कॅशियर आले. यांचं टोपणनाव ‘मोजणी’. त्यांनी प्रत्येक चाकाचे नट मोजले, आठ भरले, तरी पुन्हा एकदा मोजले. “बरोबर आहेत,” ते जरा हिरमुसून म्हणाले.

शेवटी अध्यक्ष. हे दंतवैद्य. तोंडात घालून दाढा बघायचा छोटा गोल आरसा ते प्रदर्शनाला घेऊन येत आणि गाड्यांच्या पोटाखाली सारत. (तो धुतलेला असतो, असं ते दरवर्षी सांगत.) आरसा ट्रकखाली गेला, पुढच्या चाकांवरून मागं सरकला आणि थांबला.

“अरे वा! आ करा... म्हणजे, जरा इकडे बघा सगळे. मागच्या डाव्या चाकाच्या आतून तीन ओघळ आहेत. तपासनीस, हे कशानं?”

अकरा वर्षं. तपासनीसांच्या कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. टेबलाची कड धरली.

“ब्रेक ऑइल,” ते म्हणाले. आवाज हॉलच्या मानानं मोठा निघाला. “आतलं सील फाटलंय.”

“हरकत!” मोजणींनी हात वर केला. त्यांना अखेर काहीतरी सापडलं होतं. “बॉनेटवर खडूची खूण आहे. आहे ना? खूण म्हणजे तपासणी झाली. तपासणी झाली म्हणजे गळती नाही. गळती असेल तर खूण नाही. एकाच गाडीवर दोन्ही कसं?”

“मुद्दा आहे,” भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

“रबराला गंज चढवण्यातलाच प्रकार हा,” रबरगंज मागून म्हणाला. इतक्या वर्षांनी त्याला जोडीदार मिळत होता.

“दोन्ही होतं,” तपासनीस म्हणाले.

“असं कसं? असली गाडी कुठला कारखाना बाहेर सोडेल? हिशेब जुळत नाही. एक काहीतरी पुसा. नाहीतर मी दहा गुण कापणार.”

“दोन्ही होतं म्हणतोय ना मी!”

“पण कशावरून?” अध्यक्षांनी आरसा रुमालाला पुसत विचारलं.

हाच तो पुढचा प्रश्न. चौकशीत पान उलटून गेलेला. तपासनीसांनी तोंड उघडलं. “कारण ती गाडी मी...”

“थांबा जरा.”

बायको उठून आली होती. आवाज चढला म्हणून आली असावी. तिनं वाकून ट्रकचा नंबर वाचला. मग आरशाचा रुमाल एका बोटानं, फुंकर घातल्यासारखा, हलवला. नंबर पुन्हा एकदा वाचला. मोजणींनी वर केलेला हात हळूच खाली घेतला.

“ही माझ्या भावाची गाडी आहे,” ती सगळ्यांना म्हणाली. “अपघातात गेला तो. त्याचीच आहे. यांनी मला सांगितलंसुद्धा नाही.” तिचे डोळे भरले होते, पण त्यात तपासनीसांनी अकरा वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. लाज नव्हती. “इतकी हुबेहूब केलीत. मग हे घाणेरडं तेल कशाला हो काढलंत? तो रोज सकाळी फडकं घेऊन गाडीखाली जायचा. तेल गळताना दिसलं असतं तर त्यानं गाडी काढली असती का? झोपला, झोपला म्हणून जग बोलतं, ते गिळलं मी. आता गबाळाही होता म्हणायचं?”

“तसं नाही गं...”

“आणि हे भाऊ बरोबर बोलतायत.” तिनं मोजणींकडे हात केला. मोजणींना आयुष्यात पहिल्यांदा एकाच दिवशी दोन बायकांनी पाठिंबा दिला होता. ते ताठ झाले. “ती गाडी तपासली कुणी होती माहितीये? यांनी. स्वतः. यांच्या हातून गळकी गाडी बाहेर पडणं शक्य आहे? यांना घरातला नळ ठिबकला तरी जेवण जात नाही.” तिनं नवऱ्याच्या बाहीला धरलं. “हो ना? चांगली होती ना गाडी?”

सरळ प्रश्न होता. गाडीबद्दलचा.

तिच्या हाताची पकड बाहीवर होती, आणि ती उत्तराची वाट बघत नव्हती. उत्तर तिच्याजवळ अकरा वर्षं होतंच.

“हो,” तपासनीस म्हणाले.

मंडळ हळहळलं. भूगोलाच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. अध्यक्षांनी कापूस गुंडाळलेली काडी थिनरमध्ये बुडवून स्वतःच्या हातानं पुढं केली. “पुसा. वेळ घ्या. दुखवणार नाही,” ते सवयीनं म्हणाले. “गुण कापत नाही मी.”

एक काहीतरी पुसायचं होतं. खडू किंवा तेल. तपासनीसांनी ट्रक उताणा केला, आणि हात आपला आपण मागच्या डाव्या चाकाकडे गेला. तीन आठवड्यांत चांगलं मुरलेलं वॉर्निश तीन फटक्यांत गेलं. काडीचा कापूस तपकिरी झाला. त्या दिवशी फडक्यालाही एवढाच वेळ लागला होता.

“आता निर्दोष,” मोजणींनी जाहीर केलं आणि स्पर्धेचा फॉर्म सरकवला. “इथं सही.”

तपासनीसांनी सही केली. सही तीच होती.

पहिलं बक्षीस मिळालं. अध्यक्षांनी भाषणात ‘प्रेमाची अशी श्रद्धांजली मंडळाच्या इतिहासात नाही’ असं सांगितलं, आणि यापुढं गळती दाखवताना खडूची खूण तपासून घ्यावी, अशी नवी ओळ पाटीवर लिहिण्याचा ठराव झाला. तपासनीसांनी अनुमोदन दिलं, मागितलं म्हणून.

ट्रक आता सासूबाईंच्या खोलीत कपाटावर असतो. बायको रोज त्यावरची धूळ झटकते. तीन आठवडे खपून चढवलेली धूळही त्यातच निघून गेली, आणि ट्रक कारखान्यातून आत्ताच सुटल्यासारखा दिसतो. धाकट्याचं नाव ती मान वर करून घेऊ लागली आहे. शेजारणीला तिनं ट्रक दाखवला, “गाडी चांगलीच होती हो, यांनी स्वतः तपासलेली. त्यालाच झोप लागली, काय करणार. तरणी पोरं, झोप येतेच.” तिनं भावाला माफ केलं होतं. ज्यात त्याचा काही गुन्हा नव्हता, त्याबद्दल. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती दुपारची आडवी होऊन घोरू लागली.

तपासनीस मंडळात जात नाहीत. ब्रशांचा डबा माळ्यावर गेला. विचारणारा माणूस एकदाच भेटायचा होता, तो भेटून गेला.

एका सोमवारी ते पाव आणायला निघाले. पायीच. कोपऱ्यावरच जायचं होतं. सासूबाई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

“जावईबापू, झोप झाली ना?”

“झाली,” तपासनीस म्हणाले, आणि चपला पायात घातल्या.