घाणेरीवरचं औषध

घाणेरी काढावी तर गोजाबाईनं, असं तळवड्यात म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. बाकीचे लोक झुडूप कोयत्यानं बुडापासून छाटत, पेटवून देत आणि माळ मोकळा झाला म्हणून हात झटकत. पंधरा-वीस दिवसांत बुडख्याला दुप्पट फुटवे येत. गोजाबाई आधी झुडपाभोवती फिरून बघायची. खोड कुठल्या अंगाला कललंय ते हेरून त्याच्या उलट्या बाजूनं कुदळ घालायची आणि जमिनीखालचा गड्डा अख्खाच्या अख्खा वर काढून उन्हात पालथा टाकायची. काळी फळं धरायच्या आत हे उरकायचं, न्हाईतर पाखरं बी खाऊन साऱ्या शिवारात पेरत सुटतात, हे ती ज्याला त्याला बजावायची.

त्या दिवसांत माळाला किंमत आली होती. देहूरोडला लष्कराचा तळ होता, पिंपरीला निर्वासितांचा कॅम्प वसला होता, आणि तिथंच औषधाचा मोठा कारखानाही उभा राहिला होता. भाजीला गिऱ्हाईक दाराशी आल्यासारखं झालं होतं. म्हणून जो तो पडीक रान साफ करायच्या मागं लागला, आणि चिखलीहून, मोशीहून गोजाबाईला न्यायला बैलगाड्या येऊ लागल्या. गाडी दाराशी उभी राहिली की ती मुद्दाम जरा उशीर लावून बाहेर पडे. चार बाया बघताहेत ना, याची खात्री करून घेई. तिचा नवरा सयाजी अबोल माणूस. तो एवढंच म्हणायचा, "आमच्या घरात मुकादम म्या न्हाई, ही हाय."

तिला एकच काटा सलत होता. तिची धाकटी जाऊ, शालन.

शालन चिंचवडची. चौथी शिकलेली. गावातल्या बाया माहेरची पत्रं वाचून घ्यायला तिच्याकडं येत, आणि पत्र वाचून झालं तरी तासभर बसून राहत. चुली वेगळ्या झाल्या होत्या तरी अंगण एकच होतं, त्यामुळं ते हसणं-खिदळणं गोजाबाईच्या कानावर पडल्याशिवाय राहायचं नाही. शालनची भाकरी पातळ, शालनचं बोलणं गोड, शालनच्या पोरींच्या वेण्या घट्ट. गोजाबाई हे सगळं बघायची आणि मनाशी म्हणायची, करू दे. कुदळ धरली की घटकाभरात तळहाताला फोड येतात महाराणीच्या.

दिवाळीला भावांनी ओढ्यापलीकडचा माळ वाटून घेतला. दोघांच्याही वाट्याला दोन-दोन एकर घाणेरीच आली. गोजाबाईनं माघापासून आपल्या वाट्यात कुदळ घातली. चैत्र आला तरी निम्मंसुद्धा रान निघालं नव्हतं. धाकटा दीर अर्जुनराव यानं आपल्या वाट्याला हातही लावला नव्हता. गोजाबाई वाट बघत होती. एक दिवस शालन येणार, पदर सावरून म्हणणार, "जाऊबाई, आमचं बी बघा की जरा." त्यावर लगेच हो म्हणायचं नाही, थोडं ताणायचं, हेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

शालन आली नाही. तिचा मामेभाऊ सोपान आला, सायकलीच्या मागं पत्र्याचा डबा बांधून.

सोपान पुण्यात एका बी-बियाणांच्या दुकानात कामाला होता. त्यानं अंगणातच डबा उघडला. आत राखेसारखी पांढुरकी भुकटी होती. डब्यावर कवटी काढलेली होती आणि बाजूला इंग्रजीत छापलेला कागद चिकटवला होता.

"पाण्यात कालवायचं आणि पिचकारीनं मारायचं," सोपान म्हणाला. "चार दिवसांत सगळं करपतं. पुढारलेल्या मुलखात आता कुणी कुदळ हातात धरत नाही."

हे म्हणताना तो सहज गोजाबाईकडं वळला. वाईट मनानं नव्हे, पण वळला.

"आन् ही कवटी कशापायी?" तिनं विचारलं.

"विषारी आहे ना, म्हणून. हात स्वच्छ धुवायचे, मारताना विडी ओढायची नाही. बास."

"गुरांचं काय?"

अर्जुनराव हसला. "वैनी, घाणेरीला कधी जनावर तोंड लावतं का? बिनऔषधाची खात न्हाईत, ती औषध मारलेली खातील व्हय?"

बोलणं बिनतोड होतं. पण गोजाबाईला गप्प बसवेना. "त्या जमिनीत पुन्हा गवताचं पातं उगवायचं न्हाई," ती म्हणाली. "पाखरं मरतील. पोरं आजारी पडतील." यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तोंडाला आलं ते ती बोलत गेली. दोन दिवस ती पाणवठ्यावर, गिरणीवर हेच बोलत राहिली, आणि शेवटी अंबूबाई म्हातारीनं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "गोजे, करपायची हाय ती घाणेरी का तू?"

बाया हसल्या. त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं.

औषध मारून झालं. तिसऱ्या दिवसापासून माणसं माळावर जाऊन बघून येऊ लागली. येताना म्हणत, "आगीत होरपळल्यागत झालंय सारं." ग्रामसेवक आला, त्यानं अर्जुनरावाचं नाव वहीत उतरवून घेतलं. चिखलीचा एकजण गोजाबाईला न्यायला म्हणून गाडी घेऊन आला होता. त्यानं माळ बघितला आणि गाडी तशीच रिकामी माघारी नेली. जाताना शालनच्या दाराशी थांबून तो सोपानचा पत्ता मात्र घेऊन गेला.

त्या दुपारी, माणसांची वर्दळ नाही असं बघून, गोजाबाई एकटी ओढा ओलांडून गेली. चोरासारखी गेली. कुणी विचारलं तर शेळी शोधते म्हणायचं, असं तिनं ठरवलं होतं.

दोन एकर रान तपकिरी पडलं होतं. तिला सहा महिने लागले असते ते काम चार दिवसांत झालं होतं. जवळून बघायला ती एका झुडपाशी खाली बसली. आणि बसल्यावर तिला ससा दिसला. मेलेला, ताठ झालेला, तोंडाला वाळलेला फेस. त्याच्याजवळच्या फांदीची पानं खालच्या अंगानं लख्ख होती. बाकीच्या पानांवर पांढरट पापुद्रा होता, तो तेवढ्या पानांवर नव्हता. चाटलेली पानं. पापुद्रा धरलेल्या एका पानावर तिनं बोट टेकवलं. कण कसे दिसत होते? मिठासारखे.

गोजाबाईनं बोट मातीत खसाखसा पुसलं, मग ओढ्यावर जाऊन तीनदा धुतलं. जनावर घाणेरी खात नाही हे खरं. पण मीठ कुठलं जनावर सोडतं? आणि अर्जुनरावाचे बैल याच बाजूला चरायला सोडतात.

ती झपाझपा घराकडं निघाली. सांगायचंच असं ठरवून निघाली होती, यात खोटं नाही. अंगणात आली तर शालनच्या ओट्यावर पाच-सहा बाया बसल्या होत्या. सोपाननं आणलेला डबा रिकामा झाला होता, आणि शालन तो राखेनं घासून लखलखीत करत होती. पाणी साठवायला बरा होईल म्हणत होती.

"आल्या बगा," अंबूबाई म्हणाली. "गोजे, कुदळ आता माळ्यावर टाक. न्हाईतर सोपानला दे, म्युझियमात ठेवील."

सगळ्या हसल्या. शालनही हसली. तोंडावर पदर धरून, पण हसली.

गोजाबाई अंगणातच थांबली. सांगितलं तर काय म्हणतील? पुन्हा जळली म्हणतील. ती आपल्या दारात शिरली, चूल पेटवली, पीठ मळलं. तिच्या मनात एक वाक्य येऊन बसलं होतं, आणि त्याला हाकलावं असं तिला वाटेना. होऊ दे त्यांचं काय व्हायचं ते.

सकाळ झाली तेव्हा ते वाक्य तिला कुणी परक्या बाईनं म्हटल्यासारखं वाटलं. ती शेण काढत होती. समोरचा गोठा मोकळा दिसला. बैल गेले होते.

हातातली पाटी टाकून गोजाबाई धावली. पंचेचाळिशीची बाई, पदर खोचून ओढ्यातून पाणी उडवत धावली. सर्ज्या बैल बांधावर उभा होता. पवळ्या आत घाणेरीत होता, मान खाली घालून, जीभ काढून पानं चाटत होता. कधीपासून चाटत होता देव जाणे. तिनं त्याच्या शिंगाला हात घातला, पाठीत दगड घातले, आणि दोन्ही बैलांना हाणत हाणत बाहेर काढलं. मागून अर्जुनराव ओरडत आला.

"वैनी! माझ्या बैलाला दगूड मारता?"

"खारट हाय ते! चाटतोय त्यो! त्वांड धू त्याचं, आदी त्वांड धू!"

दुपारी पवळ्याच्या तोंडाला लाळ सुटली. मग तो लडखडू लागला आणि रक्ताची हगवण लागली. ताक पाजलं, लोणी चारलं. चिंचवडहून ढोरांचा डॉक्टर येईपर्यंत बैलानं मान टाकली होती. डॉक्टरनं डब्यावरचा कागद मागितला. शालननं घासायच्या आधी तो सोलून खणात ठेवला होता.

डॉक्टरनं तो वाचला. "हे सोमलाचं, आर्सेनिकचं औषध आहे," तो म्हणाला. "इथं स्वच्छ लिहिलंय, जनावरांना दूर ठेवा. सोमल खारट लागतो, जनावर वेडं होऊन चाटतं. जिथं ना गुरं, ना पाणवठा, तिथं हे औषध चालेल. ओढ्याच्या काठाला कुणी मारायला सांगितलं?"

औषधाचा गुण बघायला त्या दिवशी आलेला सोपान खाली बघत होता. त्याला इंग्रजी अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आणि हा डबा?" डॉक्टरनं विचारलं. "पाणी भरलंत यात?"

"न्हाई," शालन म्हणाली. "आज भरनार व्हते."

डबा पुरायला सांगून, दोन वर्षं त्या रानात भाजी घेऊ नका म्हणून डॉक्टर गेला. सर्ज्या वाचला होता. लोक पांगले. अर्जुनराव मेलेल्या बैलाजवळ बसून राहिला. तेव्हा शालन गोजाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"जाऊबाई, खारट हाय ते तुमाला कसं ठावं?"

गोजाबाईला खोटं बोलता आलं असतं. बैलाला चाटताना बघितलं म्हणून ओळखलं, एवढं म्हणून ती सुटली असती, आणि वर गावानं तिचं कौतुक केलं असतं.

"काल ससा बगितला मेलेला," ती म्हणाली. "चाटलेली पानं बगितली."

"काल? मंग काल का न्हाई सांगितलं?"

"सांगायलाच आले व्हते. तुमी समद्या हसलात. मंग मला वाटलं, होऊ दे तुझं वाईट. सकाळपातूर तसंच वाटत व्हतं."

शालननं तिच्याकडं बघितलं. आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोजाबाईनं त्या रानाला काट्यांचं कुंपण घालायला घेतलं. वळवाचा पाऊस आला तर औषध ओढ्यात जाईल म्हणून उताराला चर खणून मातीचा बांध घालायला हवा होता. तिनं बोलावलं नाही तरी गावातल्या बाया आल्या, अंबूबाईसुद्धा आली. ओढ्याचं पाणी साऱ्यांचीच गुरं पीत होती. शालनही पाटी घेऊन आली. तीन दिवस दोघी एका चरात राबल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत.

आषाढ सरता सरता करपलेल्या घाणेरीच्या बुडख्यांना हिरवे कोंब आले. औषध पानांना लागलं होतं, गड्ड्याला लागलं नव्हतं. गोजाबाईनं कुंपणावरून ते कोंब बघितले आणि तिच्या छातीत आनंदाची उकळी फुटली. पुढच्याच क्षणी तिला पवळ्या आठवला आणि स्वतःची किळस आली. तरी आनंद काही पुरता गेला नाही.

चार दिवसांनी शालन तिच्या दाराशी आली. तिच्या तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"गड्डा कसा काडायचा त्ये दावा," ती म्हणाली. "म्या माफ केलेलं न्हाई. पर दावा."

गोजाबाईनं थोडंसुद्धा ताणलं नाही. खोड कुठं कललंय ते बघायला शिकवलं, घाव कुठून घालायचा ते शिकवलं. घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायला लावलं. पहिल्या दिवशी शालनचे गड्डे तुटत होते. तिसऱ्या दिवशी एक अख्खा निघाला. आठव्या दिवशी मात्र तिनं एका जुनाट खोडाभोवती फेरी मारली, कुदळ उचलली आणि दोन घावांत गड्डा वर आणला. गोजाबाईला त्याला तीन लागले असते.

"वा!" बांधावरून अर्जुनराव म्हणाला. "वैनींच्या वर गेलीस की!"

तोच जुना काटा गोजाबाईला पुन्हा सलला. तिनं गड्डा उलटवून बघितला. शालन कपाळावरचा घाम पुसत तिच्याकडं बघत उभी होती.

"बरा निघाला," गोजाबाई म्हणाली.

"काय म्हनलात?"

"बरा निघाला म्हनलं. आता म्होरचं बग, फळं धरायच्या आत उरकाय पायजे."