न झालेला सामना

माझी बायको मेबल गेली त्याला सहा आठवडे झाले होते. तिच्या राखेचा डबा घेऊन मी हार्सडेन टाउन फुटबॉल क्लबच्या मैदानावर गेलो. मे महिना होता. हंगाम संपला की मेमध्येच गोलसमोरचं झिजलेलं गवत काढून नवं लावतात, आणि क्लबच्या जुन्या खेळाडूंच्या घरची राख तेवढ्या दिवसांतच तिथे पुरू देतात. हॉस्पिटलात मेबलने मला बजावलं होतं, "शाळेकडच्या गोलपाशी ठेव मला. दुसरा गोल तू तिथेच मारलास."

क्लबचा सेक्रेटरी होल्रॉइड माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने यादीवरून दोनदा बोट फिरवलं.

"मिस्टर ऑर्मरॉड, लीग खेळलेल्यांत तुमचं नाव नाही."

"दोन सप्टेंबर एकोणचाळीस. दोन गोल मारले मी."

"तो हंगाम लीगने रद्द केला. तीन सामने झाले होते, तिन्ही नोंदीतून काढले. नियमाप्रमाणे तो सामना झालाच नाही."

"झालाच नाही?"

"कागदोपत्री नाही."

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पहिल्या संघातली माझी ती पहिलीच संधी. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर युद्ध जाहीर झालं. साडेसहा वर्षं सैन्यात गेली. इटलीत गुडघ्यात तोफगोळ्याचं लोखंड शिरलं. परत आलो तर मॅनेजरने मला मैदानाभोवती एक फेरी पळायला लावली, लंगडताना पाहिलं आणि हात मिळवून निरोप दिला. पण त्या साडेसहा वर्षांत क्लबने माझ्या सहीचा करार सोडला नव्हता. दुसऱ्या कुठल्या क्लबने मला मागितलं असतं तर हेच लोक म्हणाले असते, ऑर्मरॉड आमचा आहे. तेव्हा मी यांचा होतो!

मी खिशातून त्या दिवसाचं सामन्याचं पत्रक काढलं. माझ्या नावापुढे मेबलने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. बावीस वर्षं ते तिच्या टेबलक्लॉथांखाली होतं.

"हे पुरावा म्हणून चालत नाही," होल्रॉइड म्हणाला.

"तुझे वडील कुठे होते त्या दिवशी?"

"इथेच असतील. एकही सामना चुकवायचे नाहीत ते."

"मग घरी जाऊन विचार त्यांना, दीड तास काय बघत होतात म्हणून."

त्याचा चेहरा लाल झाला. "चिडू नका. प्रेक्षकांच्या राखेसाठी वेगळी जागा आहे. बाहेर, सायकली लावतात त्याच्या मागे. तिथली परवानगी मी आत्ता देतो."

सायकलींच्या मागे. माझ्या मेबलला.

मी डबा उचलला आणि स्टँडखालच्या, खेळाडूंच्या बोगद्यातून सरळ मैदानात गेलो. शाळेकडच्या गोलपाशी मैदानाचा माळी, जो टॅटरसॉल, माती उकरत होता. हे मैदान तो तीस वर्षं राखतोय. त्याने डबा बघितला, टोपी काढली.

"मेबल?"

"हो."

"परवानगी दिली त्याने?"

"नाही. म्हणतो, तो सामना झालाच नाही."

"अस्सं." जो थुंकला. "मी तर अजून सांगत फिरतो, तुझा दुसरा गोल ऑफसाइड होता."

"गप रे गाढवा. ऑफसाइड कुठला?"

"होताच. शेवटच्या बचावपटूच्या चांगला हातभर पुढे होतास."

सहा आठवड्यांत मला पहिल्यांदा हसू आलं. मी त्याच्या हातातून फावडं घेतलं. तो अडवायला आला नाही. उजव्या खांबापासून चार पावलं मोजली आणि गुडघा दुखत असतानाच खणलं.

होल्रॉइड स्टँडच्या पायऱ्यांवर येऊन ओरडला, "ओ! काय चाललंय तिथे?"

मी डब्याचं झाकण काढलं. राख हाताने खड्ड्यात सोडली, हळूहळू, सगळी. जोने वर माती लोटली, गवताचा तुकडा बसवला आणि बुटाने दाबला. मग मी वळलो.

"काही नाही झालं!" मी ओरडलो. "लिही तुझ्या वहीत. इथे काहीच झालं नाही!"