फाट्यावरची डहाळी

मित्रांनो, मी एक जुनी पायवाट आहे आणि आज मी रागावलेली आहे. मूल नावाच्या तालुक्याच्या गावापलीकडे जंगल आहे, तिथल्या एका लहानशा गावातून मी निघते. मध्ये एक फाटा लागतो. तिथून डावीकडे तलाव आणि उजवीकडे मोहाची झाडं. मला कुणी बांधलं नाही. टोपल्या घेतलेल्या बायका, खांद्यावर जाळं टाकलेले मासेमार, गुरं, शाळेची पोरं, या सगळ्यांच्या पायांनी मी घडले. मला नाव कुणी ठेवलं नाही आणि नावावाचून माझं काही अडलंही नाही.

पण चालणाऱ्यांची माझ्यावर एक रीत होती. पुढे धोका दिसला की माघारी फिरणारा माणूस फाट्यावर तेंदूची हिरवी डहाळी मोडून आडवी टाकायचा. मागून येणाऱ्याने ती पाहायची आणि दुसरी बाजू धरायची. पानं टवटवीत, तर धोका ताजा. पानं सुकली, तर धोका टळला. कोण मागून येणार हे ठाऊक नसतानाही माणसं त्याची काळजी घेत. गावची धुरपताबाई चाळीस वर्षं इथे मोहफुलं वेचते. हिरवी डहाळी ओलांडून ती एकदाही गेलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका पर्यटनवाल्या मंडळीची नजर माझ्यावर पडली. मुरूम आला, कडेला चुना फासलेले दगड आले, सुरुवातीला फाटक आलं आणि त्यावर 'निसर्ग सायकल वाट' अशी पाटी आली. खरं सांगते, सायकली मला आवडल्या. सर्वांत लाडकी मूलची आचल, आठवीतली. उतारावर दोन्ही पाय पसरून ती 'हुऽऽ' करत सुटायची. मोर दिसला की करकचून ब्रेक दाबून श्वास रोखून बघत राहायची. जंगलात यावं तर असं यावं.

माझा राग आहे तो पाट्या लावणाऱ्यांवर. त्यांचा व्यवस्थापक सुरेंद्र. त्याने लवकरच दुसरी पाटी ठोकली, 'रविवारी पायी चालण्यास मनाई'. ज्यांच्या पायांनी मी झाले, त्यांच्याच पायांना मनाई! जनाची नाही तर मनाची तरी लाज?

मोह टपटपत होता तेव्हाची गोष्ट. रविवारी उजाडता उजाडता धुरपताबाई झाडांखाली गेली, तर तिथे अस्वल आपली पिल्लं घेऊन फुलं खात होतं. बाई पाय न वाजवता मागे आली आणि फाट्यावर डहाळी टाकली. तेवढ्यात सुरेंद्र वाट झाडून घेत तिथे पोचला.

"बाई, इथी कचरा काऊन टाकता? सायकलवाले येऊन राह्यले ना."

"कचरा नाई थो, भाऊ. मोहाखाली अस्वल हाये, पिल्लं घेऊन. आज कोणालेच तिकडं जाऊ देऊ नका."

"तुमचं दरवेळी काहीतरी असतेच. फोटो काढाचे आहेत, वाट साफ पाहिजे. चला, तुम्ही बाहेर निघा."

आणि त्याने ती डहाळी लाथेने झुडपात ढकलली. मला हात असते, तर मी त्याला तिथेच आडवा केला असता.

तो फाटकाकडे गेला. बाई मात्र बाहेर गेली नाही. मोहाच्या अलीकडच्या वळणावर ती जाऊन उभी राहिली. सर्वांच्या पुढे आचल सुसाट आली. बाई हात पसरून मध्ये झाली.

"थांब वं पोरी! पुढं अस्वल हाये!"

आचलने ब्रेक दाबला, सायकल घसरली आणि ती धाडकन पडली. आवाजाने बिथरलेलं अस्वल धावून आलं. बाईने पोरीला मागे ओढलं आणि अस्वलाच्या तोंडापुढे टोपली धरली. टोपली फाटली, उजवा हातही फाटला. मागून आलेल्यांनी आरडाओरडा केला, घंट्या वाजवल्या, तेव्हा कुठे अस्वल पिल्लांकडे वळलं. बाईचं रक्त माझ्या मुरुमात मुरलं.

आठवड्याभराने काय झालं, सांगू? फाट्यावर तिसरी पाटी लागली, 'वाटेवर फांद्या टाकू नयेत. वाट स्वच्छ ठेवा'. धुरपताबाईचं नाव कुठेच नाही, उपकाराचा एक शब्द नाही.

पण आचल दवाखान्यात बाईला भेटायला गेली होती. तिथे बाईने तिला डहाळी ओळखायला शिकवलं.

पुढच्या रविवारी त्याच पाटीखाली एक डहाळी पडली होती, वेडीवाकडी मोडलेली. डाव्या हाताने मोडली की अशीच मोडते. सायकलवाले आले, पाटी वाचून हसले. पहिलं चाक डहाळीवर चढणार, तोच आचलने आपली सायकल डहाळीच्या पुढे आडवी टाकली.

"ए पोरी, उचल ते सायकल," सुरेंद्र ओरडत आला. "वाट काऊन अडवून राह्यली?"

"नाई उचलत. पानं पाहा ना काका. हिरवी आहेत अजून."

सुरेंद्रने हँडलला हात घातला. पण मागचा एकजण उतरला, मग दुसरा, आणि एकेक करत सगळ्यांनी सायकली तलावाकडे वळवल्या.

मित्रांनो, माझ्यावरून खुशाल सायकली चालवा, हसा, ओरडा. पण तुमच्याआधी माझ्यावरून कोण चालत आलं, ते विचारा. त्यांना हाकलून मला सजवू नका.

ती डहाळी कुणी हलवली नाही. पानं सुकली, तेव्हा धुरपताबाईनेच येऊन ती डाव्या हाताने बाजूला केली.