माहेरची खोली

खोलीत पाऊल टाकताच रोशनीला फिनाईलचा भपकारा आला. मागून केंद्राच्या पाहणीला आलेले वासेकर सर म्हणाले, "वा! छानच ठेवलीस गं."

खाटेवर नवीकोरी चादर होती, उशाशी पाण्याची बाटली आणि टेबलावर प्लास्टिकचा गुलाब. रिना मात्र नव्हती. तिची सासू धुरपता नव्हती. मागच्या दारी धुरपताने घातलेली मातीची चूलही नव्हती. तिच्या जागी ओला चुना फासलेला होता.

"कांता, रिना कुठी गेली?"

नर्स कांता घुटमळली. "सकाळीच गेल्या मॅडम, सासू-सुना दोघी. पायीच. तुमी सरायले आणाले गडचिरोलीले गेल्या, अन् इकडं फोन आला, खोली खाली करा म्हनून."

"कोणाचा फोन?"

"अगं, माझाच," सर हसून म्हणाले. "एवढ्या जंगलात दुसरी बरी खोली आहे कुठे? एका रात्रीचा तर प्रश्न. त्यांना व्हरांड्यात झोपा म्हटलं होतं."

"सर, तिचे दिवस भरलेत."

"मग जाऊन घेऊन ये ना. गाडी आहेच."

हे म्हणणारा माणूस कोण, तर ज्याच्या शब्दाखातर रोशनी रामटेकेने चंद्रपुरातली औषधांची चालती एजन्सी भावाच्या हवाली केली होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर ती सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात पोरासोरांबरोबर बसली, ती याच्यासमोर. "बाई दवाखान्यात का येत नाही, ते आधी तिलाच विचारा," असे हा शिकवायचा, आणि रोशनी भारावून लिहून घ्यायची. पदवी मिळाली, एटापल्लीपलीकडच्या या केंद्रात कंत्राटी नोकरी मिळाली. पगार एजन्सीतल्या हमालापेक्षा थोडा बरा. तरी आईने गल्लीभर पेढे वाटले होते.

रस्ता नसलेल्या गावांतल्या गरोदर बायांनी बाळंतपणाआधी इथे येऊन राहावे, म्हणून ही 'माहेरची खोली'. कोणी येत नव्हते. रोशनीने खरेच जाऊन विचारले. धुरपता म्हणाली होती, "परक्या चुलीवरचं माह्या सुनेले जमत नाई." रोशनीने मग चूल घालू दिली, वरच्या साहेबांची बोलणी खाल्ली आणि शब्द दिला, की ही खोली तुमचीच. अख्ख्या गावातून आलेली पहिली बाई म्हणजे रिना.

कांताला घेऊन ती निघाली. गाडी नाल्याशी थांबली, पुढे चालावे लागले. गाव आले तेव्हा उन्हे कलली होती. धुरपता कुडाच्या दारात उभी होती आणि आतून रिनाचे कण्हणे ऐकू येत होते.

"धुरपताबाई, चाला. खोली आत्ताच्या आत्ता खाली करून देतो."

"थो साहेब उठन का खाटेवरून?"

उठणार नाही, हे रोशनीला माहीत होते.

"मले खरंच माईत नोतं, बाई."

"तुले माईत नोतं, तं खोली तुमचीच म्हनून काऊन सांगत होती?"

आवाजात राग नव्हता. तो असता तर रोशनीला सोपे गेले असते. आतून रिना ओरडली.

"कांताले तरी आत जाऊ द्या."

धुरपताने क्षणभर विचार केला आणि बाजूला सरकली. कांता आत गेली. तिच्या मागोमाग रोशनी वाकली, तसा धुरपताचा हात आडवा आला.

"तू नोको."

रोशनी कुंपणाबाहेर एका ओंडक्यावर बसली. सरांचा तिला असा संताप येत होता की डोळ्यांत पाणी उभे राहिले. शिकवलेले खोटे होते, असेही म्हणता येत नव्हते. सगळे खरेच होते. फक्त त्याला स्वतःला त्यातले काही लागू नव्हते. आणि आपण मूर्खासारखे गाडी घेऊन त्यालाच आणायला गेलो, तेही नवी साडी नेसून! शेजारच्या बाया तिच्याकडे न बघता अंगणात शिरत होत्या.

दिवेलागणीला बाळ रडले. थोड्या वेळाने कांता हात पुसत कुंपणापाशी आली.

"पोरगी झाली मॅडम. दोघी बऱ्या हायेत."

"वजन?"

"काटा कुठी आणला? हातानं तं अडीच किलो वाटते."

रोशनीने नकळत तळहात पुढे धरला, तोलून पाहावे तसा. मग हळूच खाली घेतला.